मोठ्या स्पर्धेत हात का थरथरतो?

सोलापुरात रोजच्या टेबलावर सहज पॉकेटमध्ये जाणारा चेंडू पुण्या-मुंबईच्या पूल स्पर्धेत का चुकतो? कौशल्य तेच असते. पण दडपणाखाली अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, बोटे थरथरतात. शिवाय अंगवळणी पडलेल्या हालचालीकडे आपण नको तितके लक्ष देतो आणि लय बिघडते.

यावर कुणी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी सुचवली, तर सावध राहा. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने बिलियर्ड्स, स्नूकर, पूल स्पर्धांदरम्यान तिच्यावर बंदी घातली आहे. दमा असलेल्यांना तर ती धोकादायक ठरू शकते.

त्याऐवजी प्रत्येक फटक्याआधी ठरलेला क्रम पाळा, श्वास सावकाश सोडा, अधूनमधून लोकांसमोर सराव करा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक विजेते झाले, तेही हौशी खेळाडूच होते.

धडधड स्पर्धेबाहेरही होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.