डाव्या पायाचा प्रश्न

आमच्या चारठाण्याच्या घरांत चार बिऱ्हाडें एका चुलीवर आहेत. मोटार मात्र एकच. वडील बंधूंस, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां परभणीस न्यावें लागतें. नेणारी आमची धाकटी सून. विवाहापूर्वीं एका अपघातांत तिचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. क्लच दाबणें तिला अशक्य. म्हणूनच पुतण्यानें गाडी घेतांना आपोआप गियर बदलणारी, म्हणजे ऑटोमॅटिक, पाहून घेतली होती.

श्रावणांत एके दिवशीं ती गाडी जिंतूरच्या अलीकडेच थांबली. इंजिन सुरू, पण गियर कांहीं पडेना. शहरांतील एका गॅरेजवाल्यानें वरवर पाहून निर्णय दिला, "गियरबॉक्स गेला. नवा बसवा, नाहीं तर गाडी मॅन्युअल करून घ्या. कायमची कटकट मिटेल." दुसऱ्या उपायाचा खर्च पहिल्याच्या निम्मा. रात्रीं ओसरीवर बैठक भरली. मीही धरून सर्व पुरुषांचें मत मॅन्युअलकडे झुकलें. सून पानें वाढीत होती; ती कांहीं बोलली नाहीं. शेवटीं दादाच म्हणाले, "अरे, मग मला नेणार कोण?" त्या एका प्रश्नानें आम्हीं सारे खजील झालों, आणि विषय मुळापासून समजून घ्यावा असें मीं ठरविलें. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

मोटारीचें इंजिन ठराविक गतीच्या मर्यादेंतच जोमानें काम करतें. चाकांस मात्र कधीं मंद तर कधीं भरधाव फिरावें लागतें. ह्या दोघांची सांगड घालणारी दांतेरी चक्रांची पेटी म्हणजे गियरबॉक्स. गियर बदलतांना इंजिनाचा व पेटीचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तो तोडणारा क्लच, आणि क्लच दाबणारा डावा पाय. हा पाय मोकळा करण्याची खटपट जुनी आहे. हर्मान फ्योटिंगर ह्या जर्मन यंत्रज्ञानें १९०५ सालीं जहाजांकरितां द्रवांतून शक्ति पोंचविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंत ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या गाड्यांत हायड्रामॅटिक नांवाची स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर बसविण्यांत आली.

आज आपल्याकडे ऑटोमॅटिकच्या मुख्यतः चार जाती आढळतात. पहिलींत समोरासमोर ठेवलेलीं पात्यांचीं चक्रें तेलाच्या द्वारें एकमेकांस फिरवितात. हिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दुसरींत, म्हणजे सी.व्ही.टी.त, दोन पुल्यांवरील पट्टा लहानमोठा व्यास धरीत जातो. तिसरींत दोन क्लच असतात. एक विषम गियरांचा, दुसरा सम गियरांचा. चौथी ए.एम.टी.; २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आली. हिच्यांत पेटी साध्या गाडीचीच असते. फक्त क्लच दाबण्याचें व गियर टाकण्याचें काम संगणकाच्या हुकुमानें यांत्रिक हात करतो.

पहिल्या तीन जातींच्या गाड्या मॅन्युअल करणें म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी उलगडणें होय. नवी पेटी, फ्लायव्हील, क्लच, पेडल, दांडा, त्याच्या केबली, आणि इंजिनाच्या संगणकाची जुळणी, इतकें सारें बदलावें लागतें. त्याच नमुन्याची मॅन्युअल गाडी कारखान्यानें काढलेली नसेल, तर ह्या भानगडींत पडूंच नये. ए.एम.टी.त काम तुलनेनें सोपें. तथापि संगणकाची समजूत घातल्यावांचून गाडी सुरू होण्यासही नकार देऊं शकते. जुन्या बाजारांतील पेटी घेतांनाही हीच सावधगिरी हवी. आमच्या गांवच्या हेमाडपंती देवळांत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या मापानें घडविलेला आहे. एकाच्या जागीं भलताच दगड बसत नाहीं. पेटीवरील क्रमांक जुळल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें ठरविलेला तपशील बदलण्यावर बंधन घालतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ उचलून धरला. म्हणून असा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाचें व विमा कंपनीचें मत लेखी घ्यावें. अपघात झाल्यावर हा प्रश्न निघणें फार महाग पडतें. तसेंच बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीनें ओढीत नेऊं नये. इंजिन बंद असतां तेलाचा पंप फिरत नाहीं, आणि पेटी कोरडी झिजते. ज्या चाकांस इंजिनाची शक्ति जाते, तीं उचलूनच गाडी न्यावी.

आमची गाडी ए.एम.टी. निघाली. दुसऱ्या एका मिस्त्रीनें संगणक जोडून तासभर तपास केला आणि सांगितलें, "मास्तर, पेटी शाबूत आहे. क्लचची तबकडी झिजली आहे, आणि यांत्रिक हाताचें तेल गळतें आहे." तबकडी बदलली, गळती बंद केली, आणि नव्या क्लचची ओळख संगणकास करून दिली. तीन दिवस लागले. खर्च पहिल्यानें सांगितलेल्या आंकड्याच्या पांचव्या हिश्शाहून कमी झाला. त्या अवधींत दादांस भाड्याच्या जीपनें न्यावें लागलें, आणि पुढच्या आसनावर अवघडून बसलेले दादा पाहून माझ्या रात्रीच्या मताची मला लाज वाटली.

तेव्हां ज्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांनीं तीन गोष्टी क्रमानें विचाराव्यात. आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची? नेमकें काय बिघडलें, आणि तें यंत्र लावून पाहिलें काय? आणि दुरुस्तीनंतर ती चालविणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिस्त्री देईल. तिसरें घरांतच, आणि जिला गाडी चालवावयाची तिलाच प्रथम, विचारलें पाहिजे. आम्हीं तें विचारलें नव्हतें.

गाडी घरीं आल्यावर मीं सूनबाईस म्हटलें, "त्या रात्रीं तूं गप्प कां राहिलीस?" ती म्हणाली, "मामंजी, पैशांची गोष्ट चालली होती. माझ्या पायाचें कारण मध्यें आणावें, असें वाटलें नाहीं." दुसऱ्या दिवशीं पहांटे गाडी परभणीस निघाली, दादांनीं आपली उशी व पाण्याचा तांब्या नेहमींच्या जागीं ठेविला.