अशिलाने दाद कोठे मागावी?

वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. वकिली हा व्यापार नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वकील अशिलाच्या नियंत्रणाखाली काम करतो, हे कारण तारखा मोजीत म्हातारा झालेला आमचा मुंडकार ऐकेल तर हसेल! आता उरला दिवाणी दावा, नाहीतर बार कौन्सिल. आणि गोमंतकीयांचे ते कौन्सिल मुंबईस. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यान्वये तक्रारीचा निकाल वर्षभरात लागावयास हवा, अन्यथा ती अखिल भारतीय कौन्सिलकडे दिल्लीस जाते. या मुदतीची आठवण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयासच करून द्यावी लागली. काणकोणच्या अशिलाने दिल्ली गाठावी काय? शिस्तपालन समितीने गोव्यातील तक्रारी पणजीतच ऐकाव्यात, आणि त्याही वर्षाच्या आत.