खाण्याच्या सोड्याचे मूळ पाकिटावर लिहा

प्रति,
केंद्रीय रसायन व खते मंत्रालय,
नवी दिल्ली



ढोकळ्यापासून डायलिसिसपर्यंत लागणारा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, कशापासून बनला हे पाकिटावर छापणे सक्तीचे करावे, अशी माझी मागणी आहे. सौराष्ट्रातले कारखाने मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून सॉल्व्हे पद्धतीने सोडा बनवतात. १८६१ पासूनची ही पद्धत कल्पक खरी, पण तिच्या हिशेबात १०६ किलो सोडा ॲशमागे (सोडियम कार्बोनेट) १११ किलो कॅल्शियम क्लोराइड मागे उरते. कोलोरॅडोतील पिआन्स खोऱ्यात जमिनीखाली खोलवर नाहकोलाइट सापडते. हे खनिज म्हणजे मुळातच सोडियम बायकार्बोनेट. विंधन विहिरीतून गरम पाणी सोडून ते विरघळवतात, वर आणतात. द्रावण निवले की सोड्याचे स्फटिक खाली बसतात. वायोमिंगमधील ग्रीन रिव्हरच्या ट्रोना या खनिजापासून आधी सोडा ॲश करतात आणि तिच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडून बायकार्बोनेट मिळवतात. दोन्हीकडे कॅल्शियम क्लोराइड उरत नाही.

शुद्ध सोडा कुठलाही असो, रेणू तोच. मग मूळ कशाला सांगायचे, असे कोणी म्हणेल. पोटाला फरक पडत नाही हे मान्य. फरक पडतो तो जिथे सांडपाणी सोडले जाते त्या किनाऱ्याला, आणि ती किंमत ग्राहकाला दिसत नाही. यामुळे देशी कारखाने मार खातील, ही भीतीही रास्त आहे. पण मी आयातीला सवलत मागत नाही. सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या मालाच्या वाहतुकीचाही भार असतो. देशी कारखान्याने सांडपाण्यावर चांगली प्रक्रिया केली असेल, तर तेही पाकिटावर अभिमानाने छापावे.

मात्र ‘नैसर्गिक’ एवढा एकच शब्द छापून भागणार नाही. आपले लोणारही नैसर्गिक सोड्याचेच सरोवर. तिथे काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. पण २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले हे उल्काविवर आज खारासाठी खरवडणे म्हणजे एका पोत्यासाठी अख्खे कोठार जाळणे. टांझानियाचे नॅट्रॉन सरोवरही सोड्याचेच, आणि तिथेच लहान रोहित पक्ष्यांची वीण होते. खोल खडकातला सोडा आणि जित्या सरोवरातला सोडा एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून देश, साठा आणि पद्धत या तिन्ही गोष्टी पाकिटावर हव्यात. चिमूटभर सोडा घेतानाही त्याची खरी किंमत कोण मोजतो, हे जाणण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक