ॲप घडविणारा हात आपला असावा



गेल्या महिन्यात कोल्हापुरात न्यायालयाच्या आवारात एक माता मजकडे आली. धुणीभांडी करून तिने आपल्या कन्येला संगणकाच्या अभ्यासक्रमास घातले आहे. कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली. तिची तक्रार अशी : "वकीलसाहेब, पोरगी रात्र रात्र कॉम्प्युटर आणि मोबाईल घेऊन बसते. म्हणते, वस्तीसाठी ॲप करतेय. परीक्षा तोंडावर आली, नोकरीचं बघायचं, आणि हे खूळ कशाला? तुम्ही तरी तिला समजावा."

मी कन्येस बोलावून घेतले आणि ती काय करीत आहे हे तिच्याच तोंडून ऐकले. ऐकल्यावर माझे मत असे झाले की, समजावून सांगण्याची गरज कन्येला नसून आम्हा वडीलधाऱ्यांना आहे. म्हणून हा लेख.

ही मुलगी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करणाऱ्यांसाठी ॲप घडवीत आहे. अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा, कोणता कागद कोणत्या कचेरीतून आणावयाचा, बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे ते ॲप एकेक प्रश्न विचारून मराठीत सांगते. आणि ज्या आईबापांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर मोठ्याने बोलून दाखविते. एवढेच. यात चमत्कार काही नाही. परंतु या एवढ्याशा गोष्टीची किंमत मी जाणतो. कायद्याचे शिक्षण घेत असताना माझा शिष्यवृत्तीचा एक हप्ता असाच बुडाला. सूचना फलकावर लागली होती, पण त्या आठवड्यात मी गावी होतो. आणि तारीख गेल्यावर ऐकून घेणारा कोणी भेटला नाही. त्या वर्षीची पुस्तके मी मित्रांकडून मागून वाचली. हक्क कायद्यात असतो, हे खरे. परंतु तारीख, दाखला आणि रकाना यांच्या फटीतून तो गळून जातो, हेही तितकेच खरे.

त्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, तो तुम्हां सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. "सर, धर्माच्या रकान्यात बौद्ध निवडलं की पुढे अनुसूचित जाती हा पर्याय दिसायलाच हवा ना?" मी म्हणालो, दिसलाच पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली होती. 1956 साली त्यात शीख आले. बौद्धांचा समावेश होण्यास 1990 सालची दुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षे आपल्या माणसांनी ही वाट पाहिली. आता विचार करा : ज्याला हा इतिहास ठाऊक नाही असा एखादा हुशार कारागीर तोच रकाना आखील, तर त्याच्या मनात काहीही पाप नसताना बौद्ध म्हणणाऱ्या मुलास तो सवलतीबाहेर ढकलील. चौतीस वर्षांनी कायद्याने उघडलेले दार एका चुकीच्या रकान्याने पुन्हा बंद होईल. आपल्या घरातील मुलगी ही चूक करणार नाही, कारण तो रकाना तिने स्वतः भरलेला आहे. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीत आहे. यंत्र प्रश्न विचारते. पण कोणता प्रश्न विचारावयाचा हे यंत्र घडविणारा ठरवितो. तो घडविणारा हात आपला का असू नये?

हे काम मोठ्या कंपन्यांचे, आपल्या वस्तीतील पोरांचे नव्हे, असे कोणी म्हणेल, तर त्याने मुंबईच्या धारावीकडे पाहावे. सुमारे दहा वर्षांपूर्वी तेथील शाळकरी मुलींनी ॲप घडविले. नवनीत रंजन हे चित्रपटकार धारावीवर माहितीपट करण्यास आले आणि पुढे तेथेच मुलींस शिकविण्याच्या कामास लागले. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे ॲप इन्व्हेंटर नावाचे साधन फुकट मिळते. त्यात लहान मुले ठोकळे जोडतात त्याप्रमाणे आज्ञा जोडावयाच्या असतात. तेवढ्यावर त्या मुलींनी आपल्या गल्लीतील अडचणी हाताळल्या. सार्वजनिक नळावर पाणी थोडा वेळ येते, रांगेत तास जातात आणि शाळा बुडते. म्हणून त्यांनी पाण्याच्या रांगेत नंबर लावणारे आणि पाळी आली की कळविणारे ॲप केले. रस्त्यावर छेड काढली जाते. म्हणून संकटकाळी मोठा आवाज करणारे आणि आपण कोठे आहोत हे घरच्यांस कळविणारे दुसरे केले. हे विषय त्यांना कोणत्या ग्रंथात मिळाले? हंडा घेऊन रांगेत जी उभी राहिली तिलाच ते सुचले. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपली जुनी म्हण आहे. ज्याला कळते त्याच्या हाती साधन आले की काय होते, ते धारावीने दाखविले.

आम्हां कोल्हापूरकरांस हा धडा नवा वाटू नये. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. छापखाने तेव्हाही होते, वृत्तपत्रेही होती. पण आपले दुःख आपल्या शब्दांत मांडणारे साधन आपल्या हाती नव्हते. त्या पत्रास छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये याच जिल्ह्यातील माणगावच्या परिषदेस ते स्वतः आले. त्या काळचे साधन छापखाना होते. आजचे साधन खिशात आहे. मात्र मोबाईल खिशात असणे निराळे आणि त्यात काय चालावे हे ठरविता येणे निराळे.

तथापि, ॲप म्हटले की सारे शुभ, असे मी म्हणत नाही. समाजकार्याच्या नावाने जे जे ॲप पुढे येईल, मग ते आपल्या मुलांनी केलेले का असेना, त्यास तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : बाहेर कोण राहिले? आजीकडे बटणांचा साधा फोन आहे, काकांना दिसत नाही, शेजारणीला वाचता येत नाही, त्यांचे काय? दृष्टिहीन व्यक्ती आणि ॲसिडहल्ला झालेल्या भगिनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण ओळख पटविण्यासाठी यंत्र डोळ्यांची उघडझाप करावयास सांगत होते. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने सांगितले की, अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सर्वांत मागे असलेल्या माणसासाठी जे केले, तेच खरे समाजकार्य.

दुसरा प्रश्न : माहिती कोणाच्या हाती राहते? नाव, जात, गाव, तक्रार, हे सर्व एका यादीत साठले आणि ती यादी भलत्याच्या हाती पडली, तर जे साधन रक्षणासाठी केले तेच घातक ठरेल. अत्याचाराच्या खटल्यातील साक्षीदारावर गावात कसा दाब येतो, हे मी जवळून पाहतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने ठरविले. म्हणून विद्यार्थ्यांनो, ज्या माहितीवाचून काम चालते ती मागूच नका.

तिसरा प्रश्न : पुढे काय? ॲपवर तक्रार नोंदविली म्हणजे गुन्हा नोंदविला असे होत नाही. अत्याचार झाल्यास पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावीच लागते. ती नोंदवून घेण्यात कसूर करणारा अधिकारी 1989 च्या कायद्याच्या कलम 4 खाली स्वतः दोषी ठरू शकतो. ज्या ॲपच्या मागे उभा राहणारा माणूस नाही, ते ॲप म्हणजे उत्तर न येणारे पत्र होय.

आता आईबापांस दोन शब्द. मुलाच्या हाती मोबाईल दिला तर तो कामाचा, आणि मुलीच्या हाती दिला तर तो बिघडविणारा, हा न्याय आपल्या घरात नको. केरळात वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने सायंकाळी मोबाईल जमा करण्याचा नियम मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. 2019 साली केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. मूल मोबाईलवर काय करते हे अवश्य विचारा. पण उत्तर ऐकून घेण्याइतका वेळही काढा. त्याला एक कोपरा आणि एक दिवा द्या. आपली अडचण त्याला क्रमाने सांगा : कोणत्या कचेरीत किती खेपा झाल्या, कोणता कागद परत आला, कोणता शब्द कळला नाही. रविवारी विहारात आठदहा कुटुंबांनी बसून ते ॲप वापरून पाहावे आणि चुका काढाव्यात. अशी परीक्षा कोणतेही महाविद्यालय घेऊ शकणार नाही.

त्या मातेस मी इतकेच म्हणालो : परीक्षेचा अभ्यास तिने केलाच पाहिजे, नोकरीही मिळविलीच पाहिजे, परंतु वस्तीसाठी ती जे करीत आहे तोही अभ्यासच आहे. मुलीला मी बजावले : परीक्षेपर्यंत रोज एक तास, अधिक नको. आठवड्याने माता पुन्हा भेटली. आपल्या धाकट्याच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपत आल्याचे ॲपने सांगितले, म्हणून ती तहसील कचेरीकडे निघाली होती. घाईत होती, बोलण्यास थांबली नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही.

जयभीम.