कंपनी चांगली आहे!

परवा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक तरुण बाई उभ्या होत्या. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी खोकायची आणि खोकून झालं की माझ्याकडे बघून जीभ काढायची, म्हणजे एकूण तब्येत बरी असावी. आईनं खोकल्याचं औषध मागितलं. काउंटरवरच्या पोऱ्यानं ना वय विचारलं, ना चिठ्ठी मागितली. प्रश्न बाईंनीच विचारला, "ती बंदीवाली नाही ना?" "छे हो मॅडम, ही कंपनी चांगली आहे." बाटली पिशवीत गेली.

विषारी सिरपनं दगावलेल्या छिंदवाड्याच्या मुलांवर या जागेत लिहून झालंय. मुंबईच्या जेजे रुग्णालयात विषारी औषधानं झालेले चौदा मृत्यू आणि त्यांची चौकशी करणारा लेंटिन आयोगही तेव्हाच उगाळून झालाय. एवढ्या सगळ्यातून आपण काय शिकलो, तर 'कंपनी कुठली?' हे विचारायला. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्रक काढलं होतं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. चांगल्या कंपनीला त्यात सूट नव्हती. विषारी बाटली हा गुन्हाच. पण बिनविषारी बाटली तरी नेमकं काय करते, हे विचारायचं राहूनच गेलं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले बालरोगतज्ज्ञ इयन पॉल यांनी ते विचारलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १०५ मुलं होती, सगळी रात्री खोकून घर जागवणारी. झोपण्याआधी एका गटाला मध दिला, दुसऱ्याला मधाच्याच चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे आपल्याकडे 'कोरड्या खोकल्यासाठी' म्हणून विकतात ते. तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आईबापांना विचारलं, खोकला किती होता, पोर झोपलं का, तुम्ही झोपलात का? मध पहिला आला. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि 'काहीच नाही' यांच्यात हिशेबात धरावा असा फरक निघाला नाही. आणि ज्यांना काही दिलं नव्हतं, ती मुलंही आदल्या रात्रीपेक्षा कमीच खोकली. मधप्रेमींनी लगेच हुरळू नये. प्रयोगाला पैसा तिथल्या मध मंडळाचा होता.

मला खरी गंमत वाटते ती याच डॉक्टरांच्या २०१४ च्या प्रयोगाची. या वेळी मुलं चार वर्षांच्या आतली, काही तर अगदी तान्ही. एका गटाला घायपाताच्या कुळातल्या झाडाचा गोड रस, दुसऱ्याला तसंच रंगवलेलं, चव दिलेलं पाणी, तिसऱ्याला पुन्हा काहीच नाही. रस आणि पाणी बरोबरीत सुटले, आणि दोघंही 'काहीच नाही'पेक्षा सरस ठरले. पाणी सरस ठरलं! आता दहा महिन्यांच्या बाळाला आपल्याला औषध मिळालं की नाही, याचं काय सोयरसुतक? गुण आला तो बाळापेक्षा आईबापांना, असं माझं मत. बाटली आणली, चमचा भरला, कर्तव्य झालं. मग रात्री ढास लागली तरी ती कमीच वाटते. तेवढ्यासाठी रंगीत पाणी पुरत असेल, तर तान्ह्या मुलाच्या पोटात तीन-तीन रसायनं कशाला?

तीन-तीन म्हणालो, कारण माझं जुनं दुखणं उफाळून आलंय. आपल्याकडे खोकल्याच्या औषधात एकच घटक सापडणं दुर्मिळ. कफ सुटावा म्हणून अमोनियम क्लोराइड आणि त्याच बाटलीत स्राव सुकवून गुंगी आणणारं डायफेनहायड्रामिन. गाडीला दोन्ही टोकांना बैल जुंपायचे आणि वर 'जलद आराम' लिहायचं. मूल गुंगीनं झोपतं आणि आपण म्हणतो, खोकला थांबला.

जॉर्जिया विद्यापीठाच्या मार्क एबेल यांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला: साध्या तीव्र खोकल्याला सरासरी १७.८ दिवस लागतात आणि लोकांना वाटतं, आठवड्याभरात जावा. या दोहोंमधल्या दहाएक दिवसांवर सगळा धंदा उभा आहे. त्या काळात जे घ्याल ते लागू पडतं. सिरप, काढा, अंगारा, काहीही. यात शाळांच्या शंभर टक्के हजेरीच्या प्रमाणपत्रांचाही हात आहे, असं मला फार दिवस वाटतं. पुरावा शून्य. पण खोकणाऱ्या पोराला औषध पाजून वर्गात बसवायचं आणि वर्षअखेरीस मानपत्र द्यायचं, ही प्रथा बंद झाल्याशिवाय मी हा आरोप मागे घेणार नाही.

आता अडुळशाच्या चाहत्यांची पत्रं येतील. तुमचा अडुळसा त्या बाटलीत आहेच. ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बेतलेलं, आणि अँब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचंच शरीरात होणारं रूप. पण घराणं मोठं म्हणून गुण सिद्ध होत नाहीत. 'आयुर्वेदिक' छापलेल्या गोड सिरपलाही मी रंगीत पाण्याच्याच प्रयोगातून जायला सांगेन.

मग करायचं काय? वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, दिवसभर कोमट पाणी-पेज आणि आईबापांना धीर. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको, आजी रुसली तरी चालेल. बोट्युलिझमचा धोका खरा आहे. मूल भराभर श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध-पाणी सोडलं असेल, तर मेडिकलमध्ये नव्हे, डॉक्टरांकडे जा. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारा. खोकला त्या गोळीचाच असू शकतो. आणि सरासरी अठरा दिवसांची, म्हणून कुणी अठरा दिवस वाट बघत बसू नये. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, की क्षयासाठी बेडका तपासून घ्यायचा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.