बांधावरचा दगड



नांगरताना शेजारच्या बांधातून वीतभर कोरायची खोड जुनीच. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या काळीही ती असावी! त्या इस्राएल देशात शेतांच्या हद्दीला दगड रोवत. वाडवडिलांनी रोवलेला दगड सरकवू नका, असे २२व्या अध्यायात सांगितले आहे. २३व्यात पुन्हा तेच; वर पोरक्यांच्या शेतात शिरू नका, त्यांचा कैवारी बलवान आहे, असा इशाराही.

तुमच्या बांधालाच विधवा भावजयीचे रान असेल. पोरे लहान, मोजणीला पैसा नाही, म्हणून ती गप्प असते. यंदा नांगरट करण्याआधी तिला बांधावर बोलवा. दगड सरकला असेल तर तिच्यादेखत मागे घ्या, आणि ट्रॅक्टरवाल्यालाही तो दाखवून ठेवा.