केसपेपरवरील आकडे कोणी लिहिले?

तीन वर्षांपूर्वी माझे वडील हृदयविकाराने एका मोठ्या रुग्णालयात ११ दिवस दाखल होते. अंगात पाणी साचत असल्याने दिवसभरात एक लिटरपेक्षा अधिक द्रव पोटात जाऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्याच संध्याकाळी सिस्टरांनी माझ्या हाती एक छापील तक्ता दिला आणि म्हणाल्या, "दादा, किती प्यायले आणि किती लघवी झाली, ते यात लिहीत जा." त्या रात्री संपूर्ण वॉर्डाचा भार त्यांच्या एकटीवर होता. अधिक काही विचारण्याचा मला धीर झाला नाही.

मी प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. प्रयोगशाळेत उपकरणाचे अंशांकन केल्याशिवाय मी एकही वाचन नोंदवत नाही. वॉर्डात मात्र वडिलांचा स्टीलचा पेला मी अंदाजाने १०० मिलिलिटरचा धरला. चौथ्या दिवशी, काहीतरी चाळा म्हणून, औषधाच्या सिरिंजने त्यात पाणी भरून पाहिले, तर तो १५० मिलिलिटरचा निघाला. म्हणजे तक्त्यात जिथे एक लिटर लिहिले होते, तिथे प्रत्यक्षात जवळजवळ दीड लिटर पोटात गेले होते. आणि रोज सकाळी त्याच तक्त्याकडे पाहून लघवी वाढवणाऱ्या औषधाची मात्रा ठरत होती. मी चूक सांगितली, डॉक्टरांनी मात्रा बदलली, वडील बरे होऊन घरी आले. पण वडिलांच्या केसपेपरमधील एक महत्त्वाचे मापन एका अप्रशिक्षित निरीक्षकाने केले होते, त्याला मोजपात्र दिलेले नव्हते, आणि फाईलमध्ये त्याचे नावही कुठे नव्हते, हे मला अद्याप विसरता आलेले नाही.

आपल्या देशातील रुग्णालयांत ही गोष्ट अपवादात्मक नाही. रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, शौचाला नेणे, सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारणे, औषधे खालून आणणे, तपासणीचे नमुने पोहोचवणे, रात्री जागणे, ही सारी कामे बहुतांशी नातेवाईक करतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र आपण शोध, शस्त्रक्रिया आणि थोर डॉक्टर यांच्याविषयी वाचतो. खाटेशेजारी बसलेल्या माणसाविषयी क्वचितच. माझे म्हणणे असे की हा माणूस केवळ सामाजिक जिव्हाळ्याचा विषय नव्हे, तो विज्ञानाचा विषय आहे. भारताने वैद्यकात केलेल्या काही मौलिक कामांत त्याचा वाटा मध्यवर्ती आहे, आणि तो वाटा आपण नीट नोंदलेला नाही.

हा माणूस खाटेशेजारी आला कसा? वसाहतकाळात जातिनिर्बंधांमुळे अनेक रुग्ण रुग्णालयातील अन्न घेत नसत. घरचेच माणूस अन्न शिजवून वा आणून देई. दुसरे कारण सरळ अंकगणिताचे होते. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानुसार तेव्हाच्या भारतात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० होती, म्हणजे साधारण ४३,००० लोकसंख्येमागे एक. एवढ्या परिचारिकांवर रुग्णालये चालणे शक्यच नव्हते. ती चालली, कारण उरलेले काम नातेवाइकांनी केले.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात या परिस्थितीकडे काही जणांनी प्रश्न म्हणून पाहिले. क्षयरोगासाठी तेव्हा आरोग्यधाम हा आदर्श मानला जाई: मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार, परिचारिकांची देखरेख. पण एवढ्या रुग्णांना पुरतील इतक्या खाटा देशात उभ्या राहण्याची शक्यता नव्हती. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू केले. तेथे रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्यावर त्याच औषधांनी घरी, म्हणजे शहरातील दाटीवाटीच्या गरीब वस्तीत, उपचार केले. १९५९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्या काळी धक्कादायक होता: वर्षभराच्या उपचारानंतर घरच्या रुग्णांचे यश आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीचे होते, आणि घरी उपचार केल्याने कुटुंबीयांना अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. जगभरातील क्षयरोग उपचारांची दिशा या प्रयोगाने बदलली. मात्र एक तपशील विसरता कामा नये. घरच्या रुग्णांना औषधांची पुडी देऊन वाऱ्यावर सोडलेले नव्हते. आरोग्यसेवक अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करून औषध घेतले जाते की नाही हे पाहत.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना सोबत राहू दिले. मनोरुग्णाला कुटुंबापासून तोडून भिंतीआड ठेवायचे, या रूढ कल्पनेला हा उघड छेद होता. वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही कुटुंबासह राहण्याची पद्धत स्वीकारली.

तिसरा प्रसंग १९७१ सालचा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी बनगावच्या छावण्या भरून गेल्या होत्या आणि पटकीची साथ पसरली होती. छोट्याशा रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा हे प्रमाण ठरवून भुकटीची पाकिटे तयार करवली. द्रावण तोटीच्या पिंपांत कालवले जाई. नातेवाईक भांड्यांत भरून नेत आणि रुग्णाला पाजत राहत.

यामागील विज्ञान सुंदर आहे. ग्लुकोज आणि सोडियमचे आयन आतड्याच्या पेशीत एकत्र, ठरावीक प्रमाणात ओढले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली होती. पटकीतही ही वाहतूक शाबूत राहते, आणि परासरणाने पाणी तिच्यामागोमाग जाते. पण हे शास्त्र छावणीत उतरण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज होती: रुग्णाला ओकारी झाली तरी न कंटाळता, घोटाघोटाने, तासन्‌तास पाजत राहणारा हात. एवढे हात कोणत्याही रुग्णालयाकडे नव्हते. ते आई, भाऊ, बायको यांचे होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ साली महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा बातम्यांत द्रावणाचा गौरव झाला. पाजणाऱ्यांचा उल्लेख ओझरता होता.

अलीकडचे उदाहरण नवजात बालकांचे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. बाळ आधी काचपेटीत स्थिर व्हावे, मग आईकडे द्यावे, असा रिवाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत नेमका हाच क्रम तपासला गेला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बालकांवरील हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यासाठी अतिदक्षता विभागात बाळांसोबत आईच्याही खाटा मांडाव्या लागल्या होत्या. जिला दाराबाहेर बसवले जाई, ती आता उपचाराचा भाग झाली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. परिचारिकांऐवजी नातेवाइकांनाच शिकवू या. या मोहाविरुद्धही पुरावा आहे आणि तोही भारतातलाच. पक्षाघाताच्या रुग्णांचे पुनर्वसन कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी करता येईल का, हे 'अटेंड' नावाच्या प्रयोगात १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर तपासले गेले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. फायदा शून्य. हा निकाल मला इतर निकालांइतकाच मोलाचा वाटतो. प्रेम हे कौशल्याची जागा आपोआप घेत नाही.

या प्रयोगांतून मला असा अर्थ लागतो की काम नेमके असेल, साधन हाती दिलेले असेल आणि पाठीशी प्रशिक्षित माणूस उभा असेल, तेव्हा नातेवाईक अमूल्य ठरतो. बनगावात प्रमाण मोजून बांधलेली भुकटी होती, मद्रासमध्ये गोळ्या मोजणारा आरोग्यसेवक होता, दिल्लीत आईच्या खाटेशेजारी नवजात विभागाच्या परिचारिका होत्या. आपल्या सर्वसाधारण वॉर्डात यांपैकी काय असते? दारावर पास तपासणारा पहारेकरी असतो, राउंडच्या वेळी "नातेवाईक बाहेर व्हा" अशी हाक असते, आणि राउंड संपताच त्याच नातेवाइकावर सारी कामे येऊन पडतात. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब उपचाराच्या खर्चात धरला जात नाही. आणि ती बाई असेल, तर तिचे जागरण कर्तव्यात जमा होते.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सोबतीला राहणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची आणि रात्री पाठ टेकायला जागा द्यावी. दाखल होताच १५ मिनिटे काढून त्याला त्याचे काम शिकवावे: हात कधी धुवावेत, कूस कशी बदलावी, कोणते लक्षण दिसताच हाक मारावी. रेघा आखलेले एक मोजपात्र द्यावे. त्याची किंमत कोणत्याही तपासणीपेक्षा कमी असेल. त्याने लिहिलेल्या नोंदीपुढे 'नातेवाइकाने मोजले' असे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरांना त्या आकड्यातील अनिश्चितता कळेल. आणि हे सारे परिचारिकांची रिक्त पदे भरण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर त्या भरतीच्या जोडीने व्हावे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. रुग्णालयातील संशोधनाचा निबंध वाचताना 'पद्धती' या भागात एक प्रश्न विचारा: रुग्णाला प्रत्यक्षात कोणी भरवले, पाजले, उठवले? दोन रुग्णालयांतील निकाल वेगळे येण्यामागे कधी औषध असेल, कधी खाटेशेजारचे माणूसही असू शकेल. पण ते नोंदलेच नसेल, तर आपण ते कधीच वेगळे काढू शकणार नाही.

वडिलांचा तो पेला आजही घरी आहे. त्याच्या आतल्या बाजूला मी १०० मिलिलिटरची रेघ ओरखडून ठेवली आहे.